चॅम्पियनच्या क्यूला तेल

चॅम्पियनने पेटी उघडली आणि तिला केसांच्या तेलाचा वास आला.

पेटी लांबट, काळी, आतून मखमल लावलेली. तिच्यात तिचा क्यू दोन तुकड्यांत निजलेला असायचा. पूलच्या टेबलावर चेंडू मारायची काठी म्हणजे क्यू, आणि याच क्यूच्या जोरावर तिने लागोपाठ तीन वर्षं देशातल्या झाडून सगळ्या बायकांना हरवलं होतं. चौथा अंतिम सामना आज दुपारी होता. तिने क्यूचा पुढचा, निमुळता तुकडा उचलला. तो हातातून मासोळीसारखा निसटला आणि पायपुसण्यावर पडला.

तिने तो फडक्यात धरून उचलला आणि टोक पाहिलं. टोकाला शर्टाच्या बटणाएवढी चामड्याची चकती असते, तिला टिप म्हणतात. वर्षभर निळा खडू घासून घासून तिची टिप शाईत बुडवल्यासारखी झालेली होती. आता ती स्वच्छ होती. तपकिरी, तुकतुकीत, नुकत्याच न्हाऊन आलेल्या बाळाच्या टाळूसारखी.

"आई," तिने हाक मारली.

हाक इतकी हळू होती की पलीकडच्या खोलीत बूट घालत असलेला नवरा एकाच बुटानिशी उठून उभा राहिला. बायकोचा आवाज चढला की तो निर्धास्त असे. उतरला की काहीतरी फुटायचं असे.

सासूबाई हसतमुखाने आल्या. ठेवणीतले कपडे घालून त्या केव्हाच्या तयार होत्या. इतक्या वर्षांत त्यांनी सुनेचा एकही सामना पाहिला नव्हता. या वर्षी सामना गावातच होता म्हणून त्यांनी आपण होऊन येते म्हटलं होतं, आणि येतेच आहोत तर नुसतं हात हलवत कशाला जा, म्हणून सकाळी सून आंघोळीला गेल्यावर पेटी उघडली होती. मग काय काय केलं ते त्यांनी सविस्तर सांगितलं. आधी साबणाने घासलं. केवढं निळं पाणी निघालं म्हणून सांगू. मग पुसलं. चामडं वाळलं की तडकतं, म्हणून वर तेल चोळलं. वाटीत तेल उरलं, ते काठीला लावलं.

"चारचौघांत असली कळकट काठी घेऊन जाणार होतीस?" त्या म्हणाल्या. "लोक मला नावं ठेवतील. घरात सासू आहे, तिला एवढंही सुचलं नाही, म्हणतील."

आता खडू म्हणजे मळ नव्हे, हे त्यांना कोण सांगणार. चामडं गुळगुळीत असलं की चेंडूला लागताच सटकतं. खडूमुळे ते क्षणभर धरतं, आणि त्या क्षणभरात सगळा खेळ असतो. चेंडू डावीकडे वळवायचा, मागे खेचायचा, जागच्या जागी गप्प बसवायचा, सगळं त्या निळ्या भुकटीच्या जिवावर. तेल लावलेल्या टिपेने फायनल खेळायची म्हणजे पायाला साबण लावून जिना उतरायचा.

चॅम्पियन म्हणाली, "आई, तुम्ही माझे दोन्ही हात तोडलेत आणि धुऊन, इस्त्री करून परत पेटीत ठेवलेत."

"इस्त्री नाही केली हो," सासूबाई म्हणाल्या. "लाकूड जळलं असतं."

तिला हे विजेतेपद कशासाठी हवं होतं तेही सांगितलं पाहिजे, कारण लोकांना वाटतं कपासाठी. कप घरात तीन पडले होते. एकात सासूबाई कपड्यांचे चिमटे ठेवत. दुसऱ्यात काय होतं ते उघडून बघायची कोणाची हिंमत नव्हती. चॅम्पियनला कप नको होता, तिला किल्ली हवी होती.

खेळ संघटनेच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक हॉल होता. त्यात एकच टेबल, पण पाण्यासारखं सपाट. दोन मोठ्या खिडक्या, आणि दाराला आतून कडी. जी बाई त्या वर्षीची विजेती, तिच्याकडे वर्षभर त्या हॉलची किल्ली, असा संघटनेचा नियम होता. बाकीच्यांनी कुठे सराव करायचा याबद्दल नियम काही म्हणत नव्हता. गावात एका गॅरेजवर पूलची खोली होती, बाकीच्या तिथे जात. चॅम्पियनही सुरुवातीची सगळी वर्षं तिथेच होती. खोलीत धूर, धुरात पुरुष, आणि नेम धरायला तुम्ही टेबलावर वाकलात की मागे एकदम गप्पा थांबत. ज्या खेळात दर मिनिटाला वाकावं लागतं तो खेळ त्या खोलीत शिकायचा तर एकच उपाय होता: पांढरा चेंडू, म्हणजे ज्याने बाकीचे मारायचे तो, प्रत्येक फटक्यानंतर अशा जागी नेऊन ठेवायचा की पुढच्या वेळी वाकताना आपल्या पाठीशी भिंत असेल. तिने ते इतकं घोटलं की पुढे मोठमोठे जाणकार तिच्या पांढऱ्या चेंडूवरच्या ताब्याची तारीफ करू लागले. ती कला कुठून आली हे कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने तोंडावर सांगितलं असतं, आणि जाणकारांना त्या दिवशी जेवण गेलं नसतं.

तर आज हरली की किल्ली गेली, आणि किल्ली गेली की परत गॅरेज. हे डोक्यात असताना सासूबाईंनी विचारलं, "परत निळं करून देऊ का? घरात शाई आहे."

क्यू दुरुस्त करणारा गावात एकच माणूस होता. तिने त्याला फोन लावला. तो सगळं शांतपणे ऐकून घेऊन म्हणाला की आजच्या सामन्याला पंच तोच आहे, त्यामुळे आज कोणत्याही खेळाडूच्या क्यूला हात लावणं त्याला नियमाने बंद आहे. सल्ला देणंही बंद आहे. फक्त फोन ठेवता ठेवता तो "तेल?" असं म्हणाला. घरात कोणी गेल्याचं कळवल्यावर माणसं "कधी?" म्हणतात तसं.

नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. तो म्हणाला, "आण इकडे. मी रोज काचा बसवतो, एक चकती बसवता येणार नाही?"

चॅम्पियनला नाही म्हणायचं होतं, पण निघायची वेळ झाली होती. जुनी टिप तिने चाकूने उडवली, काठी पुसून कोरडी केली, लाकडाचं टोक खरवडून तेल गेल्याची खात्री केली, आणि खणातली नवी टिप काढून दिली. नवऱ्याने दुकानातला सगळ्यात जालीम गोंद आणला. एक थेंब पुरतो हे त्या बाटलीवर लिहिलेलं होतं. नवऱ्याने बायकोवरच्या प्रेमाने तीन टाकले. मग चकती ठेवली, वरून अंगठ्याने घट्ट दाबली, आणि विजयी चेहऱ्याने "बघ" म्हणाला.

तिने बघितलं. चकती छान बसली होती. तिच्यावर अंगठाही छान बसला होता.

"काढ आता," ती म्हणाली.

"काढतोय."

"मग काढ ना."

"अगं, मी काढतोय. तो येत नाहीये."

त्याने ओढलं. सासूबाईंनी काठीकडून ओढलं. चॅम्पियनने दोघांना थांबवलं, कारण आता जे निघेल ते अंगठ्यापासून निघेल की लाकडापासून हे सांगता येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर यातलं काय निघालेलं चालेल याबद्दल नवऱ्याचं आणि तिचं मत एक नव्हतं. गरम पाणी झालं, साबण झाला. सासूबाई तेलाची वाटी घेऊन आल्या. तेव्हा मात्र चॅम्पियनचा आवाज चढला आणि नवऱ्याला जरा बरं वाटलं.

शेवटी त्यालाच आठवलं की असला गोंद नखांचा रंग काढायच्या औषधाने सुटतो. घरात ते नव्हतं. सासूबाईंनी आयुष्यात नखं रंगवली नव्हती, आणि चॅम्पियनची नखं मुळापर्यंत कापलेली असत. मग टॅक्सी बोलावली. पुढे चॅम्पियन, क्यूचा मागचा तुकडा मांडीवर घेऊन. मागे सासूबाई, आणि त्यांच्या शेजारी नवरा, अंगठ्याला हातभर काठी लावून, ती उघड्या खिडकीतून बाहेर काढून. सिग्नलला एक गाडी शेजारी थांबली. आतल्या बाईने त्या काठीकडे पाहिलं आणि आपली काच वर केली.

टॅक्सीवाल्याने आरशात बघून विचारलं, "कुठे लागलंय का साहेबांना?"

"लागलेलंच आहे," चॅम्पियन म्हणाली. "सुटत नाहीये."

वाटेत पहिलं ब्यूटी पार्लर दिसलं तिथे टॅक्सी थांबवली. आत एक गिऱ्हाईक तोंडाला हिरवा लेप लावून डोळे मिटून पडलेलं, आणि पार्लरवाली दुसऱ्या एकीचे केस धूत होती. नवऱ्याने हात वर केला. पार्लरवाली पक्की धंदेवाईक. अंगठ्याकडे पाहिलं, काठीकडे पाहिलं, आणि थंडपणे विचारलं, "एकाच बोटाचं करायचंय की सगळी?" मग कापसाचा बोळा भिजवून ती कामाला लागली. चॅम्पियन तिच्या डोक्याशी उभी. टिपेला लागू देऊ नका, खालचा गोंद सुटेल, असं ती सांगत होती. नवरा म्हणत होता की अंगठ्याकडे आधी बघा, अंगठा बाजारात मिळत नाही. लेपवाल्या बाईने एक डोळा उघडला, समोरचा प्रकार पाहिला आणि तो परत मिटून घेतला.

अंगठा सुटला. टिप जागेवर राहिली. अंगठ्याचं थोडं कातडंही टिपेवरच राहिलं, पण तेही शेवटी चामडंच म्हणून चॅम्पियनने तिकडे फारसं लक्ष दिलं नाही. चला म्हणून ती वळली तर सासूबाई खुर्चीत मागे रेलून बसलेल्या आणि एक मुलगी दोरा घेऊन त्यांच्या तोंडावर वाकलेली. रिकामं बसून काय करायचं म्हणून त्यांनी भुवया करायला घेतल्या होत्या. त्यांना उठवून टॅक्सीत कोंबलं तेव्हा एक भुवई झाली होती. कोरीव, उंच, धनुष्यासारखी. दुसरी जन्मापासून होती तशीच होती. त्यामुळे पुढे दिवसभर त्या ज्याच्याकडे बघत त्याला वाटे, बाईंचा आपल्यावर विश्वास नाही.

सामन्याच्या जागी अध्यक्ष दारातच उभे होते. संघटनेचे हे अध्यक्ष गेली कित्येक वर्षं अध्यक्ष होते आणि या खेळात पांढरा चेंडू कशासाठी असतो हे त्यांना अजून नीट माहीत नव्हतं. त्यांनी चॅम्पियनला उशिराबद्दल चार शब्द सुनावले आणि लगेच सांगितलं की प्रमुख पाहुणे उद्‍घाटनाचा फटका मारणार आहेत, तोही विजेतीच्या क्यूने, कारण फोटोत ते चांगलं दिसतं.

"नाही मिळणार," चॅम्पियन म्हणाली.

अध्यक्षांना वाटलं तिला ऐकू आलं नाही. त्यांनी परत सांगितलं. तिनेही परत सांगितलं, या वेळी मागच्या खुर्च्यांपर्यंत जाईल असं. पाहुणे वरवर हसले. अध्यक्षांचे कान तांबडे झाले. तेवढ्यात प्रतिस्पर्धी पोरगी पुढे आली आणि तिने आपला क्यू पाहुण्यांना देऊन टाकला, शेजाऱ्याला पेन द्यावं तसा. ती कॉलेजात जाणारी, केस मोकळे, नखं लांब आणि जांभळी रंगवलेली. त्या नखांकडे बघूनच चॅम्पियनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. या नखांनी नेम धरायचा. आम्ही नखांचं सुखही सोडलं या खेळापायी, आणि ही फायनलला येते ती लग्नाला आल्यासारखी. पाहुण्यांनी नेम धरला, हात मागे नेला आणि पांढऱ्या चेंडूच्या वरून हवा मारली. टाळ्या झाल्या.

मग भाषणं. पाहुण्यांनी खेळ आणि चारित्र्य यांचा संबंध सांगितला. अध्यक्षांनी संघटनेने महिलांसाठी काय काय केलं ते सांगितलं. ते सांगायला एका वाक्याहून जास्त लागायला नको होतं. त्यांना अर्धा तास लागला. चॅम्पियनने तेवढ्यात पहिल्या रांगेत बसून सँडपेपर काढला आणि नव्या टिपेच्या कडा गोल करायला घेतल्या. आवाज सगळ्या हॉलमध्ये जाऊ लागला. "आमच्या भगिनींना" खर्र, "मानाचं स्थान" खर्रखर्र, "आणि सुरक्षित वातावरण" खर्रर्र. अध्यक्ष एक-दोनदा थांबले. ते थांबले की तीही थांबे, आदराने. ते सुरू झाले की ती सुरू होई.

नंतर पंचाने नियमाप्रमाणे दोघींचे क्यू तपासले. चॅम्पियनची टिप त्याने उजेडात धरली. खाली लाकडावर ओघळून वाळलेला गोंद पाहिला. टिपेच्या मधोमध माणसाच्या अंगठ्याच्या रेषा अजून उमटलेल्या पाहिल्या. त्याच्या तोंडाची चव गेली. पण तो पंच होता. त्याने क्यू परत दिला आणि खिशातल्या रुमालाला बोटं पुसली.

खेळ नऊ चेंडूंचा होता. टेबलावर जो सर्वांत लहान आकड्याचा चेंडू असेल त्यालाच पांढरा चेंडू आधी लागायला हवा, आणि नवाचा चेंडू जी पॉकेटात, म्हणजे टेबलाच्या कडेच्या भोकात, घालेल तिचा डाव. आधी सात डाव जिंकेल ती विजेती. पहिल्या दोन डावांत चॅम्पियनची टिप चेंडूवरून सटकली आणि चेंडू भलतीकडेच गेला. दोन्ही वेळा तिने वळून प्रेक्षकांत बघितलं. पहिल्यांदा सासूबाईंकडे, दुसऱ्यांदा अंगठा फडक्यात गुंडाळून बसलेल्या नवऱ्याकडे. दोघंही पंख्याकडे बघू लागले. पोरगी मात्र लीलया खेळत होती. बघते न बघते, मारते, आणि चेंडू आपले जातात. तीन-सहा झालं, चॅम्पियन तीन डाव मागे पडली.

मग टिपेने खडू धरला आणि चॅम्पियनने राग धरला. तिला आता टेबलावर चेंडू दिसतच नव्हते. एकाच्या चेंडूवर तिला अध्यक्षांचे कान दिसत. दोनावर पाहुणे. तीन, चार, पाच हे गॅरेजवाले, ओळीने. ती वाकायची आणि एकेकाला भोकात घालायची. हॉल शांत झाला. कोणाला तरी शिंक आली ती त्याने परत नाकात नेली. तीन-सहा वरून चार-सहा झालं, पाच-सहा झालं, सहा-सहा झालं. शेवटच्या डावात तिने आठपर्यंत सगळं टेबल साफ केलं, आणि पांढरा चेंडू हळूच येऊन नवाच्या समोर थांबला. सरळ रेषेत. जवळ. पाठीशी भिंत.

हा फटका तिने आयुष्यात किती वेळा मारला असेल याला गणती नाही. डोळ्यांना पट्टी बांधून मारला असता. त्यामुळे झालं असं की ती वाकली, क्यू हनुवटीखाली आला, आणि मन मोकळंच होतं म्हणून ते पुढच्या कामाला लागलं. किल्ली घेताना माइक हातात घ्यायचा आणि अध्यक्षांना काय सांगायचं ते जुळवू लागलं. पहिलं वाक्य छान जमलं. दुसरं तर त्याहून झोंबरं झालं. तिसऱ्या वाक्याच्या मध्यावर तिचा हात सुटला.

टिपेने चेंडू धरला, चोख धरला. सासूबाईंचं तेल तिथे नव्हतं, नवऱ्याचा गोंद पक्का होता, अंगठ्याच्या रेषासुद्धा घासून गेल्या होत्या. क्यूने तेच केलं जे तिने सांगितलं होतं. तिनेच केसभर चुकीचं सांगितलं होतं. नवाचा चेंडू पॉकेटाच्या तोंडाशी गेला, एका कडेला लागला, दुसऱ्या कडेला लागला, आणि आत जायचं की नाही याचा विचार करत तिथेच बसला.

पोरगी उठली. जांभई दिली, अगदी खरी, कानापर्यंत. मग चेंडू ढकलून आत घातला.

टाळ्या पडायच्या आधीच सासूबाई टेबलाजवळ पोचल्या होत्या. त्यांनी पंचाला सांगितलं की हा शेवटचा डाव धरू नका, परत खेळवा. पंच म्हणाला असं करता येत नाही. सासूबाई म्हणाल्या, का नाही करता येत; काठीला तेल मी लावलंय, तिने नाही; चूक माझी, मग शिक्षा तिला का? आणि एक भुवई वर असलेल्या नजरेने त्या पंचाकडे बघत राहिल्या, तेव्हा तो बिचारा नियमांचं पुस्तक चाचपू लागला. मागून नवरा आला. त्याने अंगठ्याचं फडकं सोडून पुरावाच दाखवला. गोंद आपण जास्त लावला, त्यामुळे टिप कडक झाली, असं तो छातीठोकपणे सांगू लागला. लोक हसायला लागले. आई आणि मुलगा यांच्यात आता चूक कोणाची जास्त यावरून जुंपायची वेळ आली होती.

चॅम्पियनने आयुष्यभर सगळ्यांचा राग केला होता आणि त्यातला बराचसा रास्त होता. पण राग ठेवायला माणूस लागतो. ही दोन माणसं आपापली पाठ पुढे करून उभी होती, ठेव म्हणत होती, आणि तिला पक्कं माहीत होतं की यांच्यापैकी कोणाचीही चूक नाही. तिचं डोकं या गोष्टीने जेवढं फिरलं तेवढं तेलाने फिरलं नव्हतं.

"तेलाचा काही संबंध नाही," ती ओरडली. "गोंदाचाही नाही. माझं लक्ष नव्हतं. मी चुकले. मी."

"तू गप्प बस," सासूबाई म्हणाल्या. "दमलीयेस तू, तुला कळत नाहीये काय बोलतेस ते."

अध्यक्षांनी माइक घेतला. त्यांचा चेहरा खुलला होता. मावळत्या विजेतीने नव्या विजेतीला किल्ली सुपूर्द करावी, असं त्यांनी जाहीर केलं आणि फोटोसाठी मध्ये येऊन उभे राहिले. चॅम्पियनने पर्समधून जुडगा काढला. हॉलची किल्ली घराच्या किल्ल्यांमध्येच ओवलेली होती, इतकी वर्षं कधी काढायची वेळच आली नव्हती. कडी घट्ट. बोटांना नखं नाहीत. ती झटत राहिली, अध्यक्ष फोटोसाठी हसत राहिले, त्यांच्या गालात पेटका आला. शेवटी पोरगीच म्हणाली, "ताई, इकडे द्या." तिने जांभळ्या नखाने कडी उचकटली, किल्ली काढली आणि बाकीचा जुडगा परत केला.

बाहेर पायऱ्यांवर नवरा टॅक्सी शोधत होता. सासूबाई अजून पुटपुटत होत्या की पंच माणूस बरा नव्हता, त्याचे डोळे घारे होते. चॅम्पियन पेटी छातीशी धरून उभी होती आणि गॅरेजवरच्या खोलीचा जिना तिला दिसत होता, पायरी न् पायरी. तेवढ्यात पोरगी धावत आली.

"ताई, ही ठेवा ना तुमच्याकडेच," म्हणत तिने किल्ली पुढे केली.

चॅम्पियनला वाटलं दया दाखवतेय. तिने सांगितलं की भीक नको, जिंकलीयेस, वापर.

"तसं नाही हो," पोरगी म्हणाली. "मी सराव करतच नाही. कंटाळा येतो. हरवून बसेन कुठेतरी, आणि ते अध्यक्ष मागे लागतील."

"सराव करत नाहीस."

"म्हणजे घरी लोळून मोबाईलवर खेळते. कोन-बिन कळतात त्यात. झोपही पुरी होते."

टॅक्सी आली होती. नवऱ्याने दार उघडलं होतं, पण बायकोचं तोंड बघून तो दारामागेच उभा राहिला. चॅम्पियनच्या डोळ्यांपुढून गॅरेजमधली वर्षं गेली, तो धूर, त्या थांबलेल्या गप्पा, कापलेली नखं. आणि समोर ही, मोबाईलवाली, लोळून शिकलेली, डोळ्यांत अजून झोप असलेली, आपल्याला हरवून उभी. वर जी किल्ली राखायला दिवसभर धावाधाव केली होती ती नकोशी छत्री परत करावी तशी परत करतेय. एवढा अपमान तिचा अध्यक्षांनाही जमला नव्हता.

तिने किल्ली घेतली. हात पुढे झाला तो रागानेच झाला, पण मूठ मिटली ती मात्र घट्ट मिटली.

"उद्या पहाटे यायचं," ती म्हणाली. "हॉलवर. उजाडायच्या आत. नखं कापून."

"मी?"

"रोज. एक दिवस चुकलीस तर घरी येऊन उठवीन. पत्ता काढायला मला वेळ लागत नाही."

शेवटच्या डावात सहा-सहा असताना जिला घाम फुटला नव्हता ती पोरगी पांढरी पडली. तिने सासूबाईंकडे पाहिलं, काही मदत होते का म्हणून. सासूबाईंची एक भुवई वर होती. पोरगी नाइलाजाने मान हलवून निघून गेली.

टॅक्सी सुरू झाली. मग नवऱ्याने घसा साफ केला आणि भीतभीत एक शंका काढली. सराव न करता हिने तुला हरवलं, तिला तूच सराव द्यायला लागलीस तर पुढच्या वर्षी ती परत हरवेल, असं त्याचं म्हणणं होतं, आणि ते बरोबर होतं.

"हरवू दे," चॅम्पियन म्हणाली. किल्ली अजून मुठीतच होती. "पण अंथरुणातून उठून हरवू दे."